पाहुण्याचं पाणी

"ते नोको देऊ त्यायले, ते आपल्यासाठी हाय. पाहुण्याले त्या कॅनमधलं दे," आमच्या ऑफिसातली मंजूताई म्हणाली, आणि माझा हात पेल्यावरच थांबला. एवढंच झालं. मंगळवार होता, साडेअकरा वाजले होते. लालबर्र्याचे प्रेमलालभाऊ राइस मिलच्या राखेच्या तक्रारीचे कागद पिशवीतून काढून टेबलावर मांडत होते, पंखा ते उडवत होता, आणि भाऊ एकेका कागदावर एकेक वस्तू ठेवत होते, चष्म्याचं घर, तंबाखूची डबी, माझं स्टेपलर. मी त्यांना पाणी द्यायला उठले होते. ऑफिसच्या कोपऱ्यात नळाच्या पाण्याचा माठ आहे आणि विकतच्या पाण्याचा कॅन आहे. माठ आमचा, कॅन येणाऱ्या-जाणाऱ्यांचा. ही व्यवस्था मंजूताईनेच लावली त्याला दोन वर्षं झाली, त्यामुळे तिच्या बोलण्यात नवीन काहीच नव्हतं. पण त्या दिवशी ते वाक्य कानात न थांबता थेट तळहातात उतरलं, आणि तळहाताला दीड वर्षापूर्वीची एक बाटली थंडगार लागली. मी पेला खाली ठेवला. प्रेमलालभाऊ म्हणाले, "काय झालं बाई?" मी म्हटलं, काही नाही, जरा चक्कर आली. ते उठून मलाच खुर्ची द्यायला लागले आणि मंजूताईने पाहुण्याचं पाणी मला आणून दिलं.

आमच्या ऑफिसला सगळे क्लिनिक म्हणतात. युनिव्हर्सिटीच्या कायदा विभागाचं पर्यावरण-न्याय क्लिनिक, बालाघाट शाखा, असं पाटीवर आहे. पाटी मोठी आहे, ऑफिस दोन खोल्यांचं आहे, खाली मोटरसायकलच्या सामानाचं दुकान आहे. पहिल्या वर्षी तर म्हातारी माणसं जिना चढून बीपी तपासायला यायची आणि मंजूताई त्यांना बसवून, पाणी पाजून, पुन्हा जिना उतरवून द्यायची. मी इथे रिसर्च असिस्टंट आहे. आई राजेगावात सगळ्यांना सांगते की पोरगी वकील झाली. खरं म्हणजे मी फॉर्म भरते. माणसं बोलतात ते ऐकून घेते आणि त्याचे क्रमांक घातलेले परिच्छेद करते. कोणी म्हणतं, चुलीवरच्या भाताला काळा रंग येते वो बाई, आणि मी लिहिते, परिच्छेद सात, अर्जदाराच्या घरगुती वापराच्या पाण्यात रंगदोष आढळतो. हे करताना सुरुवातीला मला फार हुशार वाटायचं. शीला मॅडम, आमच्या प्रमुख, भोपाळच्या. त्यांनी मुलाखतीत मला एकच गोष्ट विचारली होती, गाँव वालों की बोली आती है? मी म्हटलं होतं, माझी तीच आहे. त्या हसल्या होत्या आणि म्हणाल्या होत्या, बस, तो काम तुम्हारा.

आणि पहिलंच मोठं काम माझ्या मामाच्या गावचं निघालं. गाव कसलं, उकव्याच्या पुढे बैहरच्या रस्त्याला आत दोन किलोमीटरवर पस्तीस घरांचा टोला. तिथे जंगलाच्या कडेला एका कंपनीने मॅंगनीजची माती धुवायचा कारखाना टाकला, धुतलेल्या पाण्याचा गाळ साचवायला तळं खोदलं, आणि तळ्याच्या उताराला टोल्याची एकुलती एक विहीर होती, मामाच्या घरामागे. तीन वर्षांत भांड्यांच्या काठाला काळी साय धरायला लागली. माणसांचे हात कापायला लागले. आधी मामाचे, सुखराम मामाचे, मग शेजारच्या दोघांचे. मामा जन्मभर बैलगाडीची चाकं करणारा माणूस, वाकस हातात घेतला की लाकडावर रेघ मारल्यासारखी पट्टी उडवायचा. त्याच्या हातातली चहाची बशी खडखडायला लागली तेव्हा तो हसून म्हणाला होता, "मयुरी, हे पाय, मशीन लागली मले." मी त्याला अर्जदार क्रमांक एक केलं. मॅडमना मी सांगितलं होतं की हे माझे मामा आहेत, त्यांनी विचार करून म्हटलं होतं, कोई बात नहीं, पर काम पक्का करना. मी पक्कं केलं. निदान मला तसंच वाटत होतं, मंगळवारी साडेअकरा वाजेपर्यंत.

आमच्याकडे भाचीचे पाय धुतात. हे मी मॅडमना एकदा सांगायला गेले तर त्यांना खरं वाटेना. मोठ्यांनी लहानांच्या पाया पडायचं? पण आहे तसं. बहिणीचं लेकरू घरी आलं म्हणजे देव आला, मग ते लेकरू चार वर्षांचं असो की चाळीस. मामा-मामी पाय धुणार, पाया पडणार, आणि भाच्याने किंवा भाचीने चुकून त्यांच्या पायाला हात लावला तर पाप मामा-मामीला. लहानपणी मला याची गंमत वाटायची. कॉलेजात असताना लाज वाटायला लागली, मी पाय आखडून घ्यायची, आणि गोदामामी रुसायची. दीड वर्षापूर्वीच्या मे महिन्यात मी बर्फाची पेटी, दोन बाटल्या, लेबलं आणि नमुन्याचा फॉर्म घेऊन बसमधून उतरले, तेव्हा डांबर बुटाला चिकटत होतं. अंगणात पोचेपर्यंत मला डोळ्यांपुढे दिसेनासं झालं होतं. मामीने हाताला धरून खाटेवर बसवलं, पितळी परात आणली, आणि माझे पाय परातीत घेतले. त्या दिवशी मी आखडले नाहीत. सांगायला हरकत नाही, मला बरं वाटलं. सरकारी कागद घेऊन आलेली मी, टोल्यातल्या बाया दारात उभ्या राहून बघताहेत, आणि मामी माझे पाय चोळते आहे. मामा गावच्या माणसांना घेऊन देवळापाशी बसला होता, तिथे मी थोड्या वेळाने जाऊन सगळ्यांना समजावून सांगणार होते की नमुना म्हणजे काय, तो का घ्यायचा. मामी त्या बैठकीत नव्हतीच. ती माझ्यासाठी वडे तळत होती.

बाटल्या माझ्या मांडीवर होत्या. मी म्हटलं, मामी, आधी या भरून घेते, विहिरीवर जाऊन येते, नंतर धू. उठायला लागले तर तिने घोटा घट्ट धरला. "पाय ओले हायेत, खाली नोको ठेवू. मले पाप लागते. दे इकडं, मी आणून देतो भरून." मी दिल्या. फॉर्मवर स्पष्ट लिहिलं आहे की नमुना घेणाऱ्याने बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळावी, स्वतःच्या हाताने भरावी, तिथेच झाकण लावून लेबल चिकटवावं. ते मी टोल्यात येण्याआधी बसमध्ये दोनदा वाचलं होतं. मी म्हटलं, तीन वेळा विसळजो मामी. ती हौ म्हणाली आणि परसात गेली. मी खाटेवर ओले पाय अधांतरी धरून बसले, फोनवर मॅडमचा मेसेज होता, त्याला उत्तर दिलं. मामी आली. पदराने बाटल्या पुसत पुसत आली. मी घेतल्या आणि त्या थंड होत्या. मे महिन्यात दुपारी एक वाजता विहिरीतून काढलेलं पाणी थंड असतं, पण इतकं नसतं. हे थंड घरातलं होतं, सावलीतल्या ओल्या कापडात गुंडाळलेल्या हंड्याचं, ज्यात मामी पाहुण्यांसाठी वेगळं पाणी ठेवायची. माझ्या हाताला ते कळलं होतं. आज मी शपथेवर सांगू शकते की हाताला कळलं होतं, फक्त मला कळून घ्यायचं नव्हतं. वडे तळल्याचा वास येत होता आणि पाय थंड झाले होते. मी लेबलावर लिहिलं, विहीर, सुखराम यांच्या घरामागील, आणि खाली सही केली, नमुना मी स्वतः घेतला.

प्रेमलालभाऊ गेल्यावर मी ती फाईल काढली. मंजूताई म्हणाली, जेव तं आधी, पण मला डबा उघडवेना. अहवाल एका पानाचा होता. मॅंगनीज मर्यादेत, लोह मर्यादेत, पाणी पिण्यास योग्य. हे पान पहिल्यांदा हातात पडलं तेव्हा मॅडमनी ते दोनदा वाचलं होतं. मग त्यांनी विचारलं होतं, "मयुरी, सैंपल तुमने खुद लिया था ना?" मी म्हटलं, जी मॅडम. इतक्या सहज म्हटलं की ते खोटं आहे हे मलासुद्धा जाणवलं नाही. पाय परातीत होते म्हणून मी गेले नाही, हे असलं काही मोठ्या माणसाला सांगायचं असतं का? अर्जात आम्ही आधीच लिहून बसलो होतो की नमुना तपासणीला पाठवला आहे, तेव्हा अहवाल लपवायचा प्रश्न नव्हता, आणि मॅडम तशा लपवणाऱ्याही नव्हत्या. जो है सो रखेंगे, असं त्या म्हणाल्या. डिसेंबरात भोपाळच्या हरित न्यायाधिकरणापुढे कंपनीच्या वकिलाने आमचंच पान वाचून दाखवलं. तो हसलासुद्धा नाही, याचा मला जास्त राग आला. अर्ज निकाली निघाला. विहीर बंद करून नळाचं पाणी द्या, तळ्याला अस्तर घाला, आजारी माणसांना मोठ्या दवाखान्यात तपासा, या आमच्या तिन्ही मागण्या त्याच दिवशी संपल्या.

मी मामाला फोन केला आणि रडायला लागले. तिकडून मामा म्हणाला, "अवं, रडून काहून राह्यली? हारलो तं हारलो. पाणी चांगलं हाय हे तं समजलं न. हे चांगलीच गोष्ट होय." मी म्हटलं, मामा, मग तुमचे हात? तो म्हणाला, "म्हातारपण म्हणाव. मशिनीत तपासलं न बाई त्यायनं, मशीन कशाले खोटं बोलीन?" आपल्या हातांपेक्षा त्याने माझ्या कागदावर विश्वास ठेवला. मला तेव्हा वाटलं, किती समजूतदार आहे मामा. चैत्रात तो गेला. शेवटी शेवटी त्याला घास तोंडापर्यंत नेता येत नव्हता, मामी भरवायची, चालताना पाय लाकडासारखे पडायचे, आणि एक दिवस अंगणातच पडला तो उठला नाही. तेराव्याला मी गेले होते. मंडप होता, उकव्याहून आणलेले पाण्याचे कॅन होते, शे-दीडशे माणसं होती. मामी कोपऱ्यात बसली होती, तिने त्याही दिवशी माझे पाय धुतले.

तीन वाजता मी मॅडमना फोन लावला. आधी दोनदा लावून रिंग जायच्या आत बंद केला होता. मला माहीत होतं काय होणार. माझी वकिलीची सनद व्हायची होती, शिफारसपत्र मॅडमचंच होतं. आणि माझं सोडा, माझी सही असलेले आणखी पाच खटले चालू होते, प्रेमलालभाऊंच्या राखेचा नमुनाही मीच घेतला होता, तो मात्र माझ्या हाताने, गुडघ्यापर्यंत राखेत उभं राहून. एक सही खोटी निघाली की बाकीच्या कोण खऱ्या मानणार? मी सांगितलं. मॅडम ओरडल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्या हळूच म्हणाल्या, "तो बोतल किसने भरी थी?" मी म्हटलं, घरातल्यांनी. "कौन घर वाले? मयुरी, केस फिर से खुलवाना है तो पूरा लिखना पड़ेगा. किसने भरी, किस पानी से भरी. नाम के साथ. और उनका बयान." मग म्हणाल्या, "और तुम्हारा भी." मी म्हटलं, जी मॅडम. या वेळचं जी खरं होतं. फोन ठेवल्यावर मंजूताईने माझा न उघडलेला डबा पिशवीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बैहरच्या बसने निघाले. पिशवीत दोन रिकाम्या बाटल्या, फॉर्म, मामीचा अंगठा घ्यायला शाईचा डबा. धानाची कापणी चालू होती, रस्त्यावर पेंढ्या वाळत घातल्या होत्या आणि बस त्यांच्यावरून जायची तेव्हा खालून सरसर आवाज यायचा. खिडकीशी बसून मी मनात मामीचं बयान, तिचा जबाब, लिहीत होते. परिच्छेद एक, मी गोदाबाई, सुखराम यांची विधवा. परिच्छेद दोन, दिनांक अमुक रोजी मी. पुढे जाईना. मामीचं हे वाक्य मी क्रमांक घालून कसं लिहिणार? टोल्यात बातमी एका दिवसात जाईल. ज्यांच्या घरात हात कापणारी माणसं आहेत ते म्हणतील, गोदाबाईनं घात केला. कोणी म्हणणारही नाही, नुसते तिच्या अंगणात यायचे बंद होतील. मी स्वतःशी वादही घातला. कदाचित हंडा नव्हताच. कदाचित विहिरीचंच होतं, सकाळी काढून ठेवलेलं. मग पाणी खरंच चांगलं असेल, मामा म्हातारपणानेच गेला असेल आणि मी उगाच जिवाला घोर लावून फिरते आहे. उकव्याला बस अर्धा तास थांबली. खाणीवर जाणाऱ्या बायका चढल्या, एकीने मला सरकायला सांगितलं. माझी फार इच्छा होती की निदान हा संशय तरी चुकीचा निघावा. बस सुटली तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी सकाळपासून पाण्याचा घोटही घेतलेला नाही.

राखी अंगणात पाटी घेऊन बसली होती. ही गजेंद्रची, म्हणजे मामेभावाची मुलगी, सात वर्षांची. गजेंद्र आणि त्याची बायको नागपूरला बांधकामावर असतात, राखी आजीजवळ. तिने मला पाहिलं आणि आत ओरडली, "आजी, मयुरी आत्या आली!" मी तिच्यापाशी वाकून पाटी बघितली. क-ची शेपटी वाकडीतिकडी गेली होती. मी तिच्या बोटांकडे बघत राहिले. पेन्सिल हलत होती का? सात वर्षांच्या मुलाची पेन्सिल हलतेच. मी बघते आहे म्हणून हलत होती, की मला हलताना दिसत होती, ते काही ठरवता येईना. मी म्हटलं, अजून एक क काढ. तिने काढला, तो सरळ आला. मी म्हटलं, अजून एक. ती वैतागून म्हणाली, "कितने बार निकालूँ?"

मामी बाहेर आली. सहा महिन्यांत ती इतकी वाळली होती की लुगडं अंगावर राहत नव्हतं. "आली का वो बाई, फोन तं कराचा. बस, बस खाटेवर." तिने तांब्या आणला. तांब्याच्या आत काठाला काळी रेघ होती. तो माझ्यापुढे धरताना पाणी तिच्या बोटांवरून सांडलं. तिचे हातही कापत होते, दोन्ही, आणि ते लपवायला तिने तांब्या घाईघाईने माझ्या हातात दिला. मी वास घेतला, ओल्या लोखंडाचा वास होता. मी दारातून आत कोपऱ्यात बघितलं. तिथे नेहमी दोन भांडी असायची. विहिरीचं पाणी मोठ्या मडक्यात. आणि ओल्या कापडात गुंडाळलेला पितळी हंडा, त्यात फॉरेस्ट नाक्याच्या हापशीचं पाणी, मामी पहाटे दोन मैल जाऊन आणायची. देवाचं आणि पाहुण्याचं पाणी म्हणायची ती त्याला. पुढे राखीलाही त्यातलंच द्यायची. कोपऱ्यात मडकं एकटंच होतं.

"मामी, हंडा कुठं आहे?"

"तो काय फळीवर उबडा. आता काहून दोन ठेवाचे? तुया मामानंच बंद करवलं. म्हणे, गोदे, मयुरीच्या रिपोर्टात पाणी चांगलं निघालं न, मंग तू दोन मैल काहून तंगडतोड करून राह्यली? तवापासून एकच. देवालेही हेच, आल्या-गेल्यालेही हेच, राखीलेही हेच." ती हे मला खूश करायला सांगत होती. "तुयी कृपा म्हणाव बाई. माहे पाय वाचले."

मी तांब्या तोंडाला लावला आणि सगळं पाणी प्याले. का प्याले, मला माहीत नाही. एक तांब्या पाण्याने काही होत नाही हे मला आकड्यांसकट माहीत आहे. मामी समाधानाने बघत होती. मग ती परात घेऊन आली, खाली बसली, आणि माझा उजवा पाय तिने परातीत घेतला. तिच्या बोटांचं कापणं माझ्या पावलाला लागत होतं. मी म्हटलं, "मामी, गेल्या वर्षी मी दोन बाटल्या दिल्या होत्या. त्या कशातून भरल्या होत्या?"

"हंड्यातूनच. मंग?" ती वर न बघता म्हणाली. "ते इहिरीचं काळं पाणी तुया हाती देईन का मी? साहेब लोकायपुढं ठेवाचं होतं न ते. म्हणलं, आपल्या घरचं पाणी भाची घेऊन जाऊन राह्यली, वंगाळ कसं द्याचं. तीन डाव विसळली बाटली, तू सांगतलं तशी."

मला वाटलं, इथेच थांबावं. बाटल्या घेऊन विहिरीवर जावं, नवा नमुना घ्यावा, नवा अर्ज करावा, हिला काही कळूच नये. पण राखी पाटी ठेवून आत गेली होती आणि मडक्यातून पेला बुडवल्याचा आवाज आला. मी ओरडले, "राखी, ते पिऊ नको!" इतक्या जोरात की मामीच्या हातातून पाय सुटला. राखी पेला घेऊन दारात येऊन उभी राहिली. मी म्हटलं, "मामी, तो रिपोर्ट हंड्यातल्या पाण्याचा होता. विहिरीचा नव्हता. विहिरीचं पाणी कोणी तपासलंच नाही. ते वाईटच आहे. आधीही होतं."

परातीतलं पाणी हलत होतं, कारण तिचे हात अजून त्यात होते. मग ती एकेक गोष्ट विचारायला लागली, हळूहळू, बाजारातून आणलेलं सामान पुन्हा मोजून बघावं तशी. "म्हणजे त्याच्यानं आपण हारलो?" मी म्हटलं, हो. "तुया मामानं मंग तेच पेलं. शेवटलोक." मी म्हटलं, हो मामी. "मीच पाजलं त्यायले. चमच्यानं." तिने राखीकडे पाहिलं आणि पुढचं विचारलं नाही. मी म्हटलं, "चूक माझी आहे. बाटल्या मी भरायच्या होत्या. मी खोटी सही केली, मी भरल्या म्हणून."

"तू कशी भरशीन?" ती म्हणाली. "तुये पाय तं मी धरून ठेवले होते."

मला ते सहन झालं नाही. मी खाटेवरून पुढे झुकले, परातीच्या पलीकडे हात घातला आणि तिच्या पायांना हात लावायला गेले. आयुष्यात पहिल्यांदा. दुसरी काही रीत मला येत नव्हती, माफीचा फॉर्म आमच्याकडे नाही. पण मामीने चटका बसल्यासारखे पाय लुगड्याखाली ओढून घेतले. "नोको, नोको बाई! भाचीनं पाय धरू नाई. एवढं पाप झालं तं झालं. अजून नोको चढवू माह्यावर." मी तशीच वाकलेली राहिले. माझे हात जमिनीवर होते आणि तिचे पाय मला मिळाले नाहीत.

तिने विचारलं, "हे कागदावर लिहाचं हाय का?"

"लिहावं लागेल मामी."

"माह्या नावानं?"

मॅडमचा आवाज मला नीट आठवत होता, नाम के साथ. मी म्हटलं, "नाही. माझ्या. बाटल्या माझ्या नजरेआड भरल्या गेल्या, एवढंच लिहीन. कोणी भरल्या ते नाही सांगणार." केस यावर उघडेल की नाही, मला माहीत नव्हतं. बहुतेक नाहीच. मामीने मान हलवली. ते हो होतं की नाही होतं की नुसती मान हलत होती, ते मला कळलं नाही. मग तिने माझा डावा पाय ओढून परातीत घेतला, कारण एक पाय धुऊन दुसरा तसा ठेवत नाहीत, आणि ती तो धुवायला लागली. टाच, घोटा, बोटांच्या मधे. तिचे डोळे गळत होते आणि ती पुसत नव्हती. राखी पेला घेऊन तशीच उभी होती, म्हणाली, आजी, हे पाणी फेकू का? मामी म्हणाली, फेक.

पाय धुऊन झाले. मामी गुडघ्यावर हात टेकून उठली, माझ्या पिशवीतून तिला बाटल्यांची टोकं दिसत होती, तिने त्यांच्याकडे हात केला. "दे, आणतो. आता इहिरीचंच आणीन. पाय ओले हायेत तुये, खाली नोको ठेवू."

मी बाटल्या तिच्या हाताआधी उचलल्या आणि दोन्ही ओले पाय जमिनीवर ठेवले. मामी मटकन खाटेच्या कडेला बसली. मी परसाकडे निघाले, सारवलेल्या जमिनीवर माझी पावलं उमटत होती, आणि मागून तिचा आवाज येत होता, नोको वो बाई, नोको जाऊ तशी, मले पाप लागते.